जीवशास्त्राचा तास आणि जीवशास्त्राचे गुण

वर्गातलं वातावरण आणि विद्यार्थ्यांची संपादणूक यांच्यात धन व सार्थ सहसंबंध आहे, हा निष्कर्ष शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत इतक्यांदा येऊन गेला आहे की वाचताना डोळा आपोआप पुढच्या ओळीवर सरकतो. एकट्या जीवशास्त्राचं पाहिलं तरी नायजेरियातल्या विद्यापीठांपासून आपल्याकडच्या अध्यापक महाविद्यालयांपर्यंत असे अभ्यास ढिगाने झाले आहेत. साचा ठरलेला. काही शाळा निवडायच्या, मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, परीक्षेचे गुण मिळवायचे आणि दोन्हींमधला सहसंबंध गुणक काढायचा. निष्कर्ष खोटा नसतो. पण तो वाचून मुख्याध्यापकाने उद्या सकाळी काय करायचं, ते कळत नाही. बाकं बदलायची? पंखे लावायचे? मायक्रोस्कोप घ्यायचे? की शिक्षकांना जरा हसून बोला म्हणून सांगायचं? या प्रश्नावर आठ-नऊ दशकांत जे काम झालं ते शेजारी शेजारी ठेवलं, तर उत्तर मिळतं, पण ते सरळ नाही. माझ्या मते तर त्यातला कळीचा धागा वर्गात नसून प्रश्नपत्रिकेत आहे.

सुरुवात मानसशास्त्रातून झाली. माणसाचं वर्तन हे माणूस आणि त्याचा परिसर या दोघांवर मिळून ठरतं, असं कर्ट लेविन यांनी 1936 मध्ये मांडलं. दोन वर्षांनी हेन्री मरे यांनी त्यात एक महत्त्वाचा फरक केला: बाहेरून आलेल्या निरीक्षकाला दिसतं ते वातावरण वेगळं आणि त्यात वावरणाऱ्याला जाणवतं ते वेगळं. पुढचं बहुतेक संशोधन या दुसऱ्या वातावरणाचं, म्हणजे मुलांना जे जाणवतं त्याचं आहे. त्याची मोजपट्टी 1960 च्या दशकाच्या अखेरीस तयार झाली. अमेरिकेत ‘हार्वर्ड प्रोजेक्ट फिजिक्स’ या नव्या अभ्यासक्रमाचं मूल्यमापन करताना हर्बर्ट वॉलबर्ग यांनी एक प्रश्नावली रचली. त्याच सुमारास रुडॉल्फ मूस मनोरुग्णालयांतल्या आणि तुरुंगांतल्या वातावरणाचा अभ्यास करत होते. तीच दृष्टी घेऊन ते 1974 मध्ये एडिसन ट्रिकेट यांच्यासोबत शाळेच्या वर्गाकडे वळले. (मनोरुग्णालय, तुरुंग आणि मग शाळा हा क्रम ऐकून एकही विद्यार्थी चकित होईल असं वाटत नाही.) मूस यांनी केलेली विभागणी आजही वापरात आहे: माणसांमाणसांतले संबंध, व्यक्तीची वाढ, आणि व्यवस्था, म्हणजे नियम, शिस्त, स्पष्टता.

1981 मध्ये हार्टेल, वॉलबर्ग आणि हार्टेल यांनी तोवरच्या अभ्यासांची गोळाबेरीज केली. बारा अभ्यास, चार देश, आठ विषय, 823 वर्ग आणि 17,805 विद्यार्थी यांतून 734 सहसंबंध त्यांनी तपासले. ज्या वर्गांत एकोपा होता, समाधान होतं, कशासाठी शिकतोय हे स्पष्ट होतं आणि काम आव्हानात्मक होतं, तिथे शिकणं जास्त झालं होतं. भांडणं, गटबाजी, उदासीनता आणि विस्कळीतपणा होता तिथे कमी. साधनसामग्रीही यादीत आहे, पण अनेक घटकांपैकी एक म्हणून. अवघड काम आणि काटेकोर रचना हे दोन्ही घटक या यादीत शिकण्याच्या बाजूने आले, हेही लक्षात ठेवण्यासारखं. खेळीमेळीचा वर्ग म्हणजे सैल वर्ग, असा जो समज असतो त्याला या यादीत आधार नाही.

त्यानंतरचं केंद्र ऑस्ट्रेलियात, पर्थच्या कर्टिन विद्यापीठात, बॅरी फ्रेझर आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे गेलं. त्यांनी विज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी स्वतंत्र प्रश्नावली केली. तिच्यात पाच गोष्टी मोजल्या जातात: मुलांमधला एकोपा, प्रयोगातली मोकळीक, प्रयोग आणि वर्गातला धडा यांची सांगड, नियमांची स्पष्टता आणि साधनसामग्री. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी यातल्या तिसऱ्या गोष्टीशी थोडं थांबावं. सोमवारी वर्गात पेशीविभाजन शिकवलं आणि कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड दोन महिन्यांनी, बॅचचा नंबर लागेल तेव्हा, पाहायला मिळाली, तर प्रयोगशाळा कितीही सुसज्ज असली तरी ती धड्यापासून तुटलेलीच राहते. आणि ही सांगड घालायला पैसे लागत नाहीत, वेळापत्रक लागतं.

याच गटाने टास्मानियात उच्च माध्यमिक जीवशास्त्राचे 28 वर्ग आणि 489 विद्यार्थी घेऊन केलेला अभ्यास आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. हेंडरसन, फिशर आणि फ्रेझर यांनी तो 2000 मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षक मुलांशी कसे वागतात आणि प्रयोगशाळा मुलांना कशी वाटते, या दोन्हींची तुलना त्यांनी विषयाविषयीचा ओढा, लेखी परीक्षेतली कामगिरी आणि प्रयोगकौशल्य या तिन्हींशी केली. संबंध सापडले, पण सगळ्यांत घट्ट संबंध ओढ्याशी होता. लेखी गुणांशी आणि प्रयोगकौशल्याशी तो सैल होता. म्हणजे चांगल्या वातावरणात मुलांना जीवशास्त्र आवडू लागतं, हे खात्रीने म्हणता येतं. गुण वाढतात, हे त्याच जोरात म्हणता येत नाही. प्रबंधांच्या शेवटच्या प्रकरणात ही तफावत बहुधा एका वाक्यात आटोपलेली असते. तिच्यावर खरं तर पूर्ण प्रकरण लिहायला हवं.

भारतातही या प्रश्नावल्या वापरल्या गेल्या आहेत. रेखा कौल आणि डॅरेल फिशर यांनी जम्मूतल्या खासगी शाळांमधल्या विज्ञानाच्या 31 वर्गांतल्या 1,021 मुलांचा अभ्यास केला. वर्ग तोच, शिक्षक तोच, तरी काश्मिरी घरांतल्या मुलांना वर्ग आणि शिक्षक इतर गटांपेक्षा अधिक अनुकूल वाटले. मरे यांनी केलेला फरक इथे प्रत्यक्ष दिसतो. मूल वर्गात येताना वातावरणाचा काही भाग घरूनच घेऊन येतं.

या सगळ्या परंपरेची अडचणही इथेच आहे. वातावरणामुळे गुण मिळाले, की गुण मिळत असल्यामुळे वातावरण गोड वाटलं? चाचणीत पहिल्या पाचात येणाऱ्या मुलीला सर मदत करतात असंच वाटणार. शिवाय शिक्षकांना विचारलं तर त्यांना तोच वर्ग मुलांपेक्षा कितीतरी छान दिसतो, हे या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळलेलं आहे. आणि मुलांच्या जाणिवेवर किती विसंबायचं, हाही प्रश्न आहे. हार्वर्डमध्ये 2019 साली पदार्थविज्ञानाच्या वर्गावर झालेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सफाईदार व्याख्यान मिळालं, काहींना गटात बसून गणितं सोडवावी लागली. दुसऱ्या गटाला चाचणीत जास्त आलं, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. डोक्याला ताण पडला की शिकणं अवघड जातंय असं वाटतं, आणि अवघड म्हणजे वाईट असा हिशेब मन करतं. अशा वर्गाला मुलं प्रश्नावलीत किती गुण देतील, याचा अंदाज बांधता येतो.

प्रश्नावली सोडून थेट वर्गच बदलून पाहण्याचं काम गेल्या वीस वर्षांत मोठ्या प्रमाणावर झालं, आणि त्यात जीवशास्त्राचे प्राध्यापक पुढे होते. कोलोरॅडो विद्यापीठात जेनिफर नाइट आणि विल्यम वुड यांनी विकासात्मक जीवशास्त्राचा एकच अभ्यासक्रम आधी व्याख्यानांतून आणि नंतर वर्गात प्रश्न, चर्चा आणि गटकाम घालून शिकवला. 2005 च्या त्यांच्या शोधनिबंधात दुसऱ्या पद्धतीत शिकणं ठळकपणे जास्त झालेलं दिसतं, आणि सुरुवातीला काही मुलं या पद्धतीवर नाराज होती हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. 2014 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के विद्यार्थी नापास होत होते, विद्यार्थ्यांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. परीक्षेचे गुण सुमारे सहा टक्क्यांनी वाढले. एरवी शिक्षणशास्त्रात इतके स्पष्ट आकडे क्वचित मिळतात.

तरीही याच्या शेजारी ठेवावा असा एक निबंध आहे, आणि तो जीवशास्त्रातलाच आहे. टेसा अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयांमधले प्रारंभिक जीवशास्त्राचे वर्ग यादृच्छिक पद्धतीने निवडले आणि नैसर्गिक निवड ही संकल्पना मुलांना किती समजली, ते तपासलं. गटकाम किती वेळा होतं याचा समजण्याशी संबंध सापडला नाही. लेखकांचा अंदाज असा की नाइट-वुडसारखे अभ्यास करणारे प्राध्यापक या पद्धतीत मुरलेले असतात. सरसकट सगळ्यांनी तिचं अनुकरण केलं की तिचा सांगाडा उरतो. आपल्याकडे ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द शासकीय परिपत्रकांतून शाळाशाळांत पोचला तेव्हा काय झालं, हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना अँड्र्यूज यांचा निष्कर्ष ओळखीचा वाटेल. मुलं फरशीवर गोलात बसली आणि धडा फळ्यावरूनच उतरवून घेतला गेला.

मग फरक कशाने पडतो? वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातूनच एक उत्तर आलं आहे: रचनेने. तासाला येण्यापूर्वी वाचून येणं सक्तीचं, त्यावर छोटी चाचणी, तासात रोज प्रश्न, दर आठवड्याला सराव परीक्षा. डेव्हिड हाक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये दाखवलं की ही रचना वाढवल्यावर सगळ्यांचेच गुण वाढले, पण आर्थिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागे असलेल्या विद्यार्थ्यांचे जास्त, आणि दोन गटांतली दरी जवळजवळ निम्मी झाली. हे वर्ग शेकडो विद्यार्थ्यांचे होते. ऐंशीच्या पुढच्या तुकडीत काही करता येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवं. 1981 च्या यादीतली काटेकोर रचना आणि उद्दिष्टाची स्पष्टता इथे वेगळ्या वाटेने पुन्हा समोर येतात.

वर्गात बोलतं कोण, हाही वातावरणाचाच भाग. सारा एडी आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रारंभिक जीवशास्त्राचे 23 वर्ग तपासले. विद्यार्थ्यांत मुली सुमारे 60 टक्के होत्या, पण सगळ्यांसमोर ऐकू आलेल्या आवाजांत त्यांचा वाटा 40 टक्क्यांहून कमी. मागच्या गुणांच्या हिशेबाने बरोबरीच्या असलेल्या मुलांपेक्षा परीक्षेतही त्या किंचित मागे होत्या. जिथे प्राध्यापक हात वर करणाऱ्यांना न विचारता यादीतून कुणाचंही नाव पुकारत, तिथे बोलण्यातली तफावत राहिली नाही. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात विज्ञानाच्या तासांवर केलेलं काम याच्याशी जोडून पाहावं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. ते तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात आणि ‘मला माहीत नाही’ कमी होतं. दोन जादा सेकंदांसाठी कुठल्याही निधीची गरज नसते.

इमारतीबद्दल मात्र थोडक्यात आटोपतो. ब्रिटनच्या सॅल्फर्ड विद्यापीठातल्या पीटर बॅरेट यांच्या गटाने 27 शाळांतल्या 153 वर्गखोल्या आणि 3,766 मुलं तपासून, मुलांच्या प्रगतीतल्या फरकांपैकी 16 टक्के भाग उजेड, हवा, तापमान, रंग अशा भौतिक गोष्टींशी जोडता येतो असं 2015 मध्ये सांगितलं. ते काम प्राथमिक शाळांचं आहे. बारावीच्या जीवशास्त्राला ते थेट लावू नये, पण मे महिन्यात पत्र्याखाली जादा तास घेतलेल्या कुणाला त्यात खोटं काही दिसणार नाही.

जीवशास्त्राचं म्हणून काही वेगळं आहे का? आहे, आणि त्याकडे प्रश्नावल्यांनी फारसं लक्ष दिलेलं नाही. हा विषय मुलांच्या स्वतःच्या शरीराबद्दल आहे. मानवी प्रजननाचा धडा घाईघाईने उरकणं, ‘घरी वाचून घ्या’ म्हणणं, मुलामुलींना वेगळं बसवणं, मागच्या बाकावरची खुसखुस, हे सारं वर्गवातावरणच आहे. 2007 साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतलं लैंगिकता शिक्षण थांबवलं होतं. वर्गातल्या संकोचाला तेव्हा सरकारी शिक्का मिळाला. गंमत अशी की परीक्षेत याच प्रकरणाला भरपूर गुण असतात आणि मुलं ते पाठ करून मिळवतातही. म्हणजे गुण आले, प्रश्न विचारण्याची सोय मात्र झाली नाही.

दुसरी वेगळी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळा. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला सांगितल्यानंतर बेडूक आणि झुरळं टेबलावरून गेली, ते योग्यच झालं. पण त्यांच्या जागी दुसरं काही जिवंत आलं का, हे पाहिलं पाहिजे. इंग्लंडमधल्या नेहमीच्या 25 विज्ञान तासांचं निरीक्षण करून इयन अब्राहम्स आणि रॉबिन मिलर यांनी 2008 मध्ये लिहिलं की प्रयोग करून मुलं वस्तूंशी अपेक्षित ती क्रिया बऱ्यापैकी करतात, पण त्या क्रियेमागच्या कल्पनेपर्यंत मात्र फारशी पोचत नाहीत, कारण शिक्षकांचा भर क्रियेवर असतो. आपल्याकडचं प्रॅक्टिकल त्याच्याही अलीकडे थांबतं. देठाचा पातळ छेद, सॅफ्रॅनिन, कव्हरस्लिप, मायक्रोस्कोप इथपर्यंत गाडी येते, आणि आकृती मात्र मायक्रोस्कोपमधून न काढता मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवली जाते. पुस्तकातल्यासारखी नीट दिसणारी आकृती तपासायला सोपी जाते. भिंगाखाली जे प्रत्यक्ष दिसलं ते काढलं तर व्हायवात स्पष्टीकरण द्यावं लागतं.

पाठ्यपुस्तकाची भाषाही वातावरणात धरायला हवी. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मराठी शाळांतल्या मुलांसाठी विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी करून पाहिली, तेव्हा गरीब घरांतल्या मुलांच्या संपादणुकीत फरक पडला होता. आज मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा अकरावीला विज्ञान शाखेत जातो तेव्हा पेशीपटलाचं सेल मेम्ब्रेन आणि प्रकाशसंश्लेषणाचं फोटोसिंथेसिस एका उन्हाळ्यात होतं. वर्गात तो गप्प बसतो, त्याला न येणं हे दर वेळी कारण नसतं.

वातावरण आणि संपादणूक दोन्ही एकदम बदलण्याचा भारतातला मोठा प्रयत्न शेजारच्या मध्य प्रदेशात झाला. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये सोळा शाळांतून सुरू झाला आणि 2002 मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. सहावी ते आठवीची मुलं चारचारच्या गटात बसत. व्याख्यानाची जागा किटमधल्या साध्या सामानाने आणि परिसरातल्या पानांनी, बियांनी, कीटकांनी घेतली होती. पण या कार्यक्रमाचं खरं वेगळेपण परीक्षेत होतं. लेखी परीक्षेला पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची मुभा होती, आणि प्रयोगांची परीक्षा वेगळी. ‘बाल वैज्ञानिक’ या कार्यक्रमाच्या पुस्तकातलं उत्तर उतरवून गुण मिळणार नव्हते, कारण प्रश्नच नवे असत. वर्गात निरीक्षणाला किंमत होती आणि परीक्षेतही. टास्मानियातल्या अभ्यासात ओढा आणि गुण यांच्यात जी फट दिसली, ती इथे जाणीवपूर्वक बुजवलेली होती.

आपल्याकडे ही फट रुंदावत गेली. बारावीला बोर्डाची जीवशास्त्राची लेखी परीक्षा 70 गुणांची आणि प्रात्यक्षिक 30 गुणांचं. पण मुलांचं भविष्य ठरतं ते ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत. तिथल्या 720 गुणांपैकी 360 गुण जीवशास्त्राचे, सगळे बहुपर्यायी प्रश्न, प्रात्यक्षिक शून्य. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. ज्युनिअर कॉलेजात नाव असतं आणि शिकणं क्लासमध्ये, त्याला इंटिग्रेटेड किंवा टायअप असं गोड नाव आहे. 2018 मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. बोट टेकवण्यापुरतं कॉलेज, असा त्याचा अर्थ निघायला वेळ लागला नाही.

वरवर पाहता हा वातावरणाच्या सिद्धान्ताला सणसणीत तडाखा वाटतो: वर्ग ओस पडला आणि गुण वाढले. मला मात्र उलट वाटतं. लातूरच्या किंवा पुण्याच्या क्लासमधली खोली 1981 च्या यादीपुढे धरून पाहा. उद्दिष्ट लख्ख, काम अवघड, रचना काटेकोर, रोजची चाचणी, एसी हॉल. हाक यांच्या रचनेतले निम्मे घटक तिथे आहेत, आणि जे मोजलं जातं त्यात ते गुण मिळवून देतात. नाही ती मोकळीक, नाही ती प्रयोग आणि धडा यांची सांगड, नाही ती संकोच सोडून विचारायची सोय, आणि यातलं काहीच ‘नीट’ परीक्षा मोजत नाही. वातावरणाचा आणि संपादणुकीचा संबंध तुटलेला नाही. संपादणूक म्हणून आपण जे ठरवलं त्याच्याशी तो चोख बसला आहे.

म्हणून पुढच्या एम.एड.च्या विद्यार्थ्याला एक आगाऊ सूचना. वर्गवातावरणाच्या नव्या प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करण्याआधी दोन परीक्षा घ्याव्यात. एक नेहमीची, बहुपर्यायी. दुसरी कॉलेजच्या आवारात भरवलेली: कुंपणाजवळच्या एखाद्या झाडाचं पान, एक साधा मायक्रोस्कोप, आणि पुस्तकात उत्तर नसलेले दोन-तीन प्रश्न. दोन्हींचे गुण वेगवेगळे ठेवून, प्रयोगशाळेतली मोकळीक यांतल्या कुठल्या गुणांशी किती जुळते, ते काढावं. बोर्डाच्या तीस गुणांपैकी पाच गुण या दुसऱ्या प्रकाराला देता आले, तर मागच्या वर्षीचं जर्नल किती जणांच्या उपयोगी पडतं, तेही एका बॅचमध्ये कळेल.